ठशाला चिकटलेलं नाणं

घड्याळजीचं दुकान बंद होतं, म्हणून तो शेजारच्या दुकानात शिरला. एवढंच झालं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता, धड भिजवणारा नाही आणि धड कोरडं ठेवणाराही नाही. त्याने दारातच छत्री मिटली, ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली आणि पायपुसण्यावर उभं राहून विचारलं, "शेजारचे घड्याळजी कधी येतील, काही कल्पना?" त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचे काटे थांबले होते.

"जेवायला गेलेत," ती मान वर न करता म्हणाली. "जेवून झोपतील. झोपून उठले की येतील."

"आणि उठलेच नाहीत तर?"

"तर उद्या उठतील."

तिच्या एका डोळ्याला भिंग होतं. टेबलावरचा दिवा बगळ्यासारखी मान वाकवून तिच्या हाताकडे पाहत होता आणि त्या हातात एक जुनं तांब्याचं नाणं होतं. दुकान लांबट, चिंचोळं. काचेच्या कपाटात हिरव्या कापडावर नाणी मांडलेली. सगळ्यात मागे, एका आरामखुर्चीत, उघडलेलं वर्तमानपत्र बसलं होतं. ते वर्तमानपत्र म्हणजे तिचा मामा. दुकान मामाचं, वरचं घरही मामाचं. घराचा जिना मात्र मागच्या गल्लीतून होता.

तिचं काम जरा जगावेगळं होतं. टाकसाळीत नाणी पाडताना कधीमधी चुका होतात, आणि हौशी माणसं अशा चुकलेल्या नाण्यांवर बरोबर नाण्यांपेक्षा जास्त जीव टाकतात. साहजिकच काही शहाणे घरच्या घरी हातोडी आणि कानस घेऊन बसतात आणि चुका तयार करतात. आलेल्या नाण्याची चूक टाकसाळीतली की कुणाच्या माळ्यावरची, आणि ती नेमकी कशाने झाली, हे शोधायचं ते काम तिचं. दुकानाची एक पद्धत होती. कारण सापडलं की ते गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगायचं. कुजबुज चालायची नाही.

ही पद्धत मामाला महागात पडलेल्या एका प्रसंगानंतर सुरू झाली होती. दोस्ताने आणलेलं एक 'चुकलेलं' नाणं त्याने डोळे मिटून दर्शनी कपाटात ठेवलं, आणि एका गिऱ्हाइकाने चारचौघांत दाखवून दिलं की ती दोन नाण्यांची अर्धुकं वितळलेल्या कथलाने जोडली आहेत. त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात माशीसुद्धा विचार करून शिरायची. तेव्हा कॉलेजात असलेल्या भाचीने भिंग हाती घेतलं ते घेतलंच. भिंतीवर तिच्याच अक्षरात एक पाटी लागली: 'नाण्याशी छेडछाड करून आणणाऱ्यास दुकानाची पायरी कायमची बंद.'

येईल त्या नाण्याला ती बहुधा 'नाही' म्हणायची. मैत्रिणींनी सुचवलेल्या मुलांनाही 'नाही'च म्हणायची. मामा तिला नकारघंटा म्हणायचा.

तर त्या नकारघंटेसमोर तो उभा होता, आणि वेळ जावा म्हणून खिशातलं एक नाणं बोटांच्या पेरांवरून इकडून तिकडे फिरवत होता. सवयीचा हात असावा, पण तिने सहज वर पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि सवय चुकली. नाणं तिच्या टेबलाच्या काचेवर पडलं, गरगरलं, लवंडलं.

तिने नाकतोडा पकडावा तसा त्यावर पंजा ठेवला.

"हे कुठून आणलंत?"

"खिशातून."

"त्याआधी?"

"आईच्या शिवणाच्या डब्यातून." तो हसला. "शिलाईचे पैसे म्हणून कुणी गिऱ्हाईक तिला देऊन गेलं होतं. बाजारात खपेना. सगळे म्हणायचे, खोटं आहे. परीक्षेच्या वेळी तिने ते मला दिलं. म्हणाली, हे कुणी ठेवून घेत नाही, म्हणजे हरवलं तरी परत येईल." मग जरा थांबून, "आई गेली. हे राहिलं."

तिने पंजा उचलला. नाण्याच्या एका बाजूला कुठल्याशा विसरलेल्या राजाचा चेहरा होता. तिने ते उलटलं. दुसऱ्या बाजूलाही तोच राजा. पण तोंड दुसरीकडे केलेला, आणि ओल्या वाळूत पाऊल रुतावं तसा आत खोल गेलेला.

भिंग डोळ्याला लागलं. दुकानात फक्त पावसाचा आवाज उरला.

"मामा…"

"बोल, नकारघंटे," वर्तमानपत्र म्हणालं. "पकडीत घालून दाबलंय?"

"नाही."

"तेजाबात बुडवलंय?"

"नाही."

"मग?"

"मामा… खरं आहे."

वर्तमानपत्र खाली आलं. मामाचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजेडात आला.

"मोठ्याने सांग बघू," तो म्हणाला.

तिने सांगितलं, पण मामाकडे नव्हे, त्याच्याकडे पाहून सांगितलं. "टाकसाळीत दोन ठसे असतात, एक वर, एक खाली. मध्ये कोरी चकती येते, वरून दाब पडतो, दोन्ही बाजू उमटतात. नाणं बाजूला होतं, पुढची चकती येते. एकदा काय झालं, एक नाणं बाजूला झालंच नाही. खालच्या ठशाला चिकटून बसलं. पुढची चकती त्याच्यावरच आली. वरून तिच्यावर राजा उमटला, तो बरोबर. पण खाली ठसा कुठे होता? खाली ते आधीचं नाणं. त्याचा राजा हिच्या पाठीत रुतला. उलटा आणि खोलगट."

"आणि ते आधीचं? न हललेलं?"

"ते कुठे गेलं कोण जाणे."

"त्याला जायचं नसेल," तो म्हणाला.

"धातूला कसलं आलंय जायचं नि राहायचं! ठशाला तेल कमी पडलं असेल."

"असेल बुवा. उलटं आणि खोलगट हे तसं माझंही रोजचंच आहे. मी दातांचा डॉक्टर. साचे घेतो."

मामाने विक्रीची गोष्ट काढली. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, नाणं खिशात घातलं, आभार मानले आणि पावसात निघून गेले. घड्याळजीचं शटर मघाशीच उघडलं होतं. ते त्यांना दिसलंसुद्धा नाही.

*

पुढच्या शनिवारी डॉक्टर पुन्हा आले.

"घड्याळ?" तिने विचारलं.

"कुठलं घड्याळ? …हां, घड्याळ! ते आहेच. पण म्हटलं आधी हे दाखवावं."

त्यांनी काचेवर एक नाणं ठेवलं. त्यावरचं चित्र एका अंगाला सरकलेलं होतं.

"चकती नीट बसली नाही, तोवर दाब पडला," तिने मोठ्याने सांगितलं.

"म्हणजे घाई."

"घाईच."

"आमच्याकडेही होते. काही माणसं तोंड उघडायच्या आत 'आई गं' म्हणतात."

ती हसली. मामाने वर्तमानपत्राचं पान उलटलं, पण ते कालचं होतं.

मग दर शनिवारी काहीतरी यायला लागलं. डॉक्टर शुक्रवारी संध्याकाळी जुन्या बाजारात पथाऱ्या धुंडाळत होते म्हणे. एका नाण्याची कड चंद्रकोरीसारखी गेलेली होती.

"हे कुणीतरी चावलंय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "वरचा दात. डावीकडचा."

"पत्र्यातून चकत्या कापताना यंत्र आधीच्या भोकावर पडलं. यंत्राला दात नसतात, डॉक्टर."

"नशीबवान आहे."

एका नाण्यावर राजाचं नाक होतं, पण डोळा पुसट. तिने कारण सांगितलं: ठशाच्या खाचेत तेल आणि मळ भरला होता. "म्हणजे ठसा किडला होता!" डॉक्टरांना इतका आनंद झाला, की तो ठसा ते आता घासायलाच बसतील असं तिला वाटलं.

"तुम्ही कसं शोधता कारण?" एकदा तिने विचारलं.

"मी सरळ विचारतो. दुखतंय का? कधीपासून?"

"बरंय. नाणी बोलत नाहीत."

"पेशंटही कुठे बोलतात? आणि काही तर काहीच दुखत नसताना येऊन बसतात."

"का?"

"ते…" डॉक्टर दिव्याच्या वाकड्या मानेकडे पाहत म्हणाले, "ते शोधावं लागतं."

दोघंही मग उगीचच कपाटातली नाणी पाहत राहिले.

शनिवारी सकाळी ती दिव्याची काच पुसायला लागली.

"काच पुसतेस?" मामाने विचारलं.

"धूळ होती."

"अस्सं. आणि धुळीला शनिवार बरोबर कळतो?"

"मामा, तू पेपर वाच."

"वाचतोय की. कानातले नवे का?"

"जुनेच आहेत!"

"जुन्यातलं मला कळत नाही असं तुला वाटतं?" मामा म्हणाला आणि पेपराआड गेला. पेपर बराच वेळ हलत होता.

*

पाऊस सरला होता. दुपारचं पिवळं ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं, त्या दिवसांतली गोष्ट. डॉक्टर आले ते आज जरा जास्तच सरळ उभे राहिले. त्यांनी एक नाणं पुढे केलं आणि न विचारता म्हणाले, "बहुतेक ठशाला तडा गेला असावा. नाही का?"

राजाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ गेली होती.

तिने भिंग लावलं. आणि पापणी लवायच्या आत तिला कळलं.

ठशाला तडा गेला, की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. बोट फिरवलं तर लागते. ही रेघ उठलेली नव्हती. आत कोरलेली होती. तिचा तळ नव्या खिळ्यासारखा चकाकत होता, आणि त्या तळात अतिशय बारीक, गोल गोल ओरखडे होते. फार वेगाने फिरणाऱ्या, फार छोट्या टोकाचे. असं टोक कानशीला नसतं, सुताराकडे नसतं. असं टोक…

तिने भिंग काढलं नाही. काढलं असतं तर डॉक्टरांकडे पाहावं लागलं असतं.

"कारण?" मागून मामाने विचारलं.

एकच शब्द पुरेसा होता. 'तडा.' मामा उठून पाहणार नव्हता. त्याचा तिच्यावर देवावर असावा तसा विश्वास. नाणं फुटक्या कवडीच्या किमतीचं, ते कुणी विकणार नव्हतं. 'तडा' म्हटलं, की पुढचा शनिवार येणार होता, आणि त्याच्या पुढचा. खरं सांगितलं, तर पाटी तिच्याच अक्षरात समोर होती.

पण डोळे मिटून ठेवलेल्या एका नाण्याने या दुकानाचं काय झालं होतं, ते तिने पाहिलं होतं. आज एक कारण वाकवलं, तर आजवर सांगितलेल्या सगळ्या कारणांना काय अर्थ उरणार?

"कारण?" मामाने पुन्हा विचारलं.

"टाकसाळीत… झालेलं नाही," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"टाकसाळीत झालेलं नाही!" तिचा आवाज चिरकला. "कोरलंय. अलीकडेच. दात कोरायच्या यंत्राने."

उंबऱ्यावरचं ऊनसुद्धा जरा मागे सरकल्यासारखं वाटलं. मामा खुर्चीतून उठला. डॉक्टरांचे कान लाल झाले होते.

"तड्याची रेघ उठते, डॉक्टर," ती खाली पाहतच म्हणाली. "आत जात नाही. साचे घेता ना तुम्ही? साच्यात फट पडली तर दातावर काय येतं?"

"उंचवटा," डॉक्टर शाळेतल्या मुलासारखं म्हणाले. "एवढं साधं… मला सुचलं कसं नाही!"

"पण का केलंत?" मामाने विचारलं. "हिने कशाने ते सांगितलं. का ते सांगा."

डॉक्टरांनी छत्री इकडची तिकडे केली. पाऊस नसतानाही ती त्यांच्या हातात होती. "चुकलेली नाणी संपली," ते म्हणाले. "बाजार पालथा घातला, एकही मिळेना. शनिवार मात्र संपत नव्हते…"

"आणि घड्याळ? आमच्या घड्याळजीचं दुकान रोज उघडं असतं हो."

"घड्याळ बंदच आहे," डॉक्टर कबूल झाले.

मामाच्या मिशा हलल्या. पण त्याने पाटीकडे पाहिलं, मग भाचीकडे. "नियम तुझा आहे," तो हळूच म्हणाला. "सांग, काय करायचं?"

तिला वाटलं, त्याने हे विचारायला नको होतं.

"नियम सगळ्यांना सारखा," ती म्हणाली.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, खरंच पटल्यासारखं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. "पण म्हणजे… तुम्हाला आता ते पहिलंही खोटं वाटणार." त्यांनी खिशातून आईचं नाणं काढून काचेवर ठेवलं. "हे ठेवून घ्या. नीट तपासा. खोटं निघालं तरी परत हवंय मात्र."

आणि ते गेले. पायपुसण्यावर क्षणभर थांबले, बस्स.

*

तो आठवडा तिने त्या नाण्यावर घालवला. दिव्याखाली, खिडकीपाशी, उन्हात. त्या दिवशी आपण 'खरं' म्हणालो, ते नाणं पाहून की नाणं आणणाऱ्याला पाहून? डोळ्याला भिंग होतं खरं, पण त्यामागचा डोळा ताळ्यावर होता का? हा प्रश्न तिला जेवताना पडायचा, आणि घास हातातच राहायचा.

पकडीत दोन नाणी दाबून असा खोलगट चेहरा करता येतो. पण मग मागच्या चेहऱ्याला पकडीचा जबडा लागतो आणि त्याचं नाक चपटं होतं. या राजाचं नाक धारदार होतं. केसांची बट न् बट मोजून घ्यावी. आणि आतला, रुतलेला चेहरा जरासा पसरट. कारण ठशाला चिकटून बसलेलं ते आधीचं नाणं मार खात होतं, सपाट होत होतं, पण हलत नव्हतं.

शुक्रवारी तिने नाणं मामापुढे ठेवलं. "तू बघ. मला माझा भरवसा नाही."

मामाने किती वर्षांनी भिंग डोळ्याला लावलं. खूप वेळ पाहिलं. "नाक शाबूत आहे," तो म्हणाला. "खरं आहे, बाळ. तुझा डोळाही शाबूत आहे." मग त्याने डॉक्टरांसाठी काहीतरी निरोप सांगितला, आणि ती लाजून मागच्या गल्लीतून घरी पळाली.

*

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास होता. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"दाढ."

"कुठली?"

"…मागची."

आत खुर्ची होती, आणि मान वाकवलेला एक दिवा होता. तो पाहून तिला धीर आला. डॉक्टर हात पुसत वळले आणि तसेच उभे राहिले. रुमालसुद्धा हातातच राहिला.

"तुम्ही!"

"दाढ दुखतेय," ती खुर्चीत बसत म्हणाली आणि तोंड उघडलं, म्हणजे आणखी काही बोलावं लागू नये.

डॉक्टरांनी छोटा आरसा घेतला. एक-एक दात पाहिला.

"काही नाही," ते म्हणाले. "सगळे ठणठणीत आहेत."

"नीट बघा."

"बघितले. कीड नाही, फट नाही, काही नाही. कधीपासून दुखतंय?"

"गेल्या शनिवारपासून."

आरसा ताटलीत ठेवल्याचा टिंग असा आवाज झाला.

"काहीच दुखत नसताना येऊन बसतात ते पेशंट…" ती छताकडे पाहत म्हणाली, "त्यांचं कारण शोधावं लागतं म्हणाला होतात. शोधा. आणि सापडलं तर मोठ्याने सांगायचं. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"बाहेर पेशंट बसलेत," डॉक्टर घाबरून कुजबुजले. मधे नुसता पडदा होता.

"कुजबुज चालत नाही."

डॉक्टरांनी घसा खाकरला. पडद्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. "पेशंटला… पेशंटला डॉक्टर आवडतो."

"ऐकू नाही आलं."

"पेशंटला डॉक्टर आवडतो! आणि डॉक्टरला पेशंट तर पहिल्या दिवसापासून आवडते!"

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं, कुणाला तरी हसू फुटलं, आणि सुजलेल्या गालाने कुणीतरी "शाबाश" म्हणालं.

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं की खोटं? तुम्हीच सांगा. तुमचं काम आहे ते."

आयुष्यभर 'नाही' म्हणत आलेल्या तिच्या जिभेला हा शब्द जरा नवा होता.

"खरं," ती म्हणाली. मोठ्याने.

मग तिने मूठ उघडली. आईचं नाणं तिच्या तळहातावर गरम झालं होतं. ते डॉक्टरांच्या हातात ठेवत ती म्हणाली, "हेही खरं. फक्त त्याचं कारण मी चुकीचं सांगितलं होतं. तेलबिल काही कमी पडलं नव्हतं. त्याला जायचंच नव्हतं."

नाण्यासकट डॉक्टरांनी तिचा हात धरला, तो धरूनच ठेवला.

"मामाचा निरोप आहे," जरा वेळाने ती म्हणाली. "दुकानाची पायरी तुम्हाला कायमची बंद. नियम म्हणजे नियम."

"आणि?"

"आणि घराचा जिना मागच्या गल्लीत आहे. त्यावर पाटी नाही."

डॉक्टर हसायला लागले. "येताना काय आणू?"

"चुकलेलं काही आणू नका. कोरलेलं तर नाहीच."

"मग? रिकाम्या हाताने कसं यायचं?"

तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाचे काटे त्या पहिल्या दिवशी जिथे थांबले होते, तिथेच होते.

"हे घड्याळ घालून या," ती म्हणाली. "आणि दुरुस्त करू नका."